सगळ्या गावाची कोमाद्रे

बेनेदिक्ता आयाविरीला नाही म्हणताच येत नाही, असं तिच्या ऑफिसातले लोक म्हणायचे. ते खोटं होतं. पिऊन गाडी चालवायला निघालेल्या ड्रायव्हरला ती नाही म्हणायची. सिमेंटच्या गोण्या परस्पर विकू पाहणाऱ्या ठेकेदाराला तर तिने असं नाही म्हटलं होतं की तो पुन्हा त्या वाटेला फिरकला नाही. पण तिकापांपातली एखादी बाई पाठीवर पोर बांधून, हातात पावांची टोपली घेऊन दारात उभी राहते आणि 'दोन्या' अशी मानाची हाक मारून म्हणते, "दोन्या बेने, लेकीचं जावळ काढायचंय, पहिली बट तू काप." आता तिला नाही म्हणून बघावं कुणीतरी! त्या खोऱ्यात जावळाला नाही म्हणणं म्हणजे पोराला अपशकुन करणं. आई मुकाट्याने टोपली उचलून निघून जाते, आणि मग त्या घरातलं कुत्रंसुद्धा तुमच्याकडे बघून शेपूट हलवत नाही.

आणि एकदा कात्री चालवली की सुटका नाही. तुम्ही त्या पोरीची माद्रिना, म्हणजे मानलेली आई, आणि तिच्या आईची कोमाद्रे, म्हणजे मानलेली बहीण. मरेपर्यंत. सख्ख्या बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी नाही. तिच्या घरी मका झाला की पहिली कणसं तुमच्याकडे येणार, तुमच्या घरी आजारपण आलं की ती येऊन चूल धरणार, आणि तिचं पोर शाळेत नापास झालं की मास्तरांपुढे तुम्ही उभं राहणार. बेनेदिक्ताने जावळं काढली, बाप्तिस्म्याला पोरं कडेवर धरली, नव्या घरावर छप्पर चढलं तेव्हा छपराची माद्रिना झाली. गावातल्या फुटबॉलच्या पोरांना नवे शर्ट मिळाले तेव्हा शर्टांचीही माद्रिना झाली. ती पोरं आजवर एकही सामना जिंकलेली नाहीत, पण त्याला माद्रिना काय करणार?

खरं सांगायचं तर तिलाही ते हवं होतं. ती मूळची या खोऱ्यातली नव्हे. वर पोतोसीकडच्या खाणवस्तीत जन्मली. खाण बंद पडली तेव्हा बाप एक पलंग आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन खाली आला. खोऱ्यातले लोक खाणवाल्यांना 'दगडफोडे' म्हणायचे आणि त्यांच्या हातचं खायचे नाहीत. आईबाप गेले. नवरा कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला म्हणून आर्जेंटिनाला गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. पोटी पोर नाही. अशा बाईला पाण्याच्या संस्थेत आधी गवंड्यांचा स्वयंपाक करायला घेतलं, आणि मग तिची जीभ चुलीपाशी फुकट चालली आहे हे लक्षात आल्यावर गावोगाव फिरायला पाठवलं. तिकापांपाने तिला नातं दिलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं.

जुने साहेब दॉन वाल्दो, म्हणजे वाल्दोराव, यांना याचं भारी कौतुक. "इतर गावांत सभेला बोलावलं तर कुत्री येतात," ते म्हणायचे, "दोन्या बेनेच्या गावात म्हाताऱ्यासुद्धा येतात." येणारच की! कोमाद्रेने बोलावल्यावर न जाणं कसं चालेल? संस्थेचं अर्धं काम त्या कात्रीनेच केलं होतं, आणि हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग दॉन वाल्दो निवृत्त झाले आणि शहरातून सेन्योरिता हिमेना आल्या. तरुण, कामसू, कुणाचा कॉफीचा कपही फुकट न घेणाऱ्या. वाईट बाई असती तर गोष्ट सोपी होती. पण हिमेना चांगल्या होत्या, आणि तीच पंचाईत होती.

झालं होतं असं, की पलीकडच्या खोऱ्यात संस्थेच्या एका माणसाने पाण्याच्या टाक्या सगळ्या आपल्या सासुरवाडीला वाटल्या. परदेशातल्या देणगीदारांच्या कानावर ते गेलं. तेव्हा नवा नियम आला: संस्थेच्या माणसाचं ज्या घराशी नातं असेल, त्या घराला संस्थेची वस्तू मिळणार नाही. हिमेनांनी सगळ्यांना बसवून तो नीट समजावून सांगितला. नियमात काही खोट नव्हती. सासुरवाडीला टाक्या वाटणाऱ्याला बेनेदिक्ताने स्वतः झाडूने बडवलं असतं.

शेवटी हिमेना म्हणाल्या, "कुणाला काही शंका?"

बेनेदिक्ताने हात वर केला. "सेन्योरिता, जावळाची कात्री नात्यात धरायची का?"

सगळे हसले. ड्रायव्हर म्हणाला, "मग दोन्या बेनेला आख्खं खोरंच सोडावं लागेल!" पण हिमेना हसल्या नाहीत. त्यांनी विचार केला, आणि विचारलं, "त्यात देणं-घेणं असतं?"

"असतं."

"एकमेकांच्या अडचणीला धावून जावं लागतं?"

"लागतं."

"मग ते नातंच झालं, दोन्या बेने. तुमचं आहे का कुणाशी?"

इथे बेनेदिक्ताने सांगून टाकायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही. पण तिच्या डोळ्यांपुढे कासिमिरा आली आणि तोंड मिटलं. "सहज विचारलं," ती म्हणाली.

कासिमिरा ओरेयाना ही तिची सगळ्यात जवळची कोमाद्रे. नवरा तोरिबिओ शहरात बांधकामावर परांचीवरून पडला आणि आता कुबडी घेऊन अंगणात बसतो. गावातला झरा आटल्यापासून पाणी मिळायचं ते एकाच ठिकाणी, दॉन अनासेतोच्या पंपावर. अनासेतो पाणी विकायचा. पैसे नसले तर पाण्याच्या बदल्यात शेतात राबवून घ्यायचा. कासिमिरा त्याचे बटाटे काढायची, त्याच्या मेंढ्या कातरायची, आणि संध्याकाळी पिंप ढकलत घरी यायची. छपरावरचं पावसाचं पाणी साठवायची टाकी तिच्या दारात झाली असती तर ती अनासेतोची बटीक राहिली नसती. इतकी साधी गोष्ट होती. ज्यांच्याकडे पाणी नाही अशा गरीब घरांसाठीच या वर्षीच्या टाक्या होत्या, आणि कासिमिराइतकं गरीब घर गावात दुसरं नव्हतं.

टाक्या कुणाला, हे गावसभेत ठरायचं होतं. हिमेना म्हणाल्या, या वेळी मी स्वतः येते.

झालं. शहरातून मोठी बाई येतेय म्हटल्यावर गावात कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं, दोन्या बेनेची परीक्षा आहे. कुणी म्हणालं, तिला काढून टाकणार आहेत, लोक तिला मानतात की नाही ते बघायला आलेत. बेनेदिक्ताच्या कानावर यातलं काहीच आलं नाही. तिच्याबद्दलची कुजबूज तिच्यापर्यंत कशी येणार?

सभेत हिमेना उठून उभ्या राहिल्या. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "इथे कुणाचं दोन्या बेनेदिक्ताशी कोमाद्रे-कोंपाद्रेचं नातं आहे का? असेल त्यांनी हात वर करा."

मग तोरिबिओने कुबडी उंचावली. कासिमिराने हात वर केला. आणि मग सगळं गाव. ज्यांच्या पोरांचं तिने जावळ काढलं होतं त्यांनी हात वर केले, आणि ज्यांच्या घरी ती कधी पाणी प्यायलाही गेली नव्हती त्यांनीही केले. फुटबॉलची पोरं तर बाकावर चढली. दोन्या उर्सुला या बहिऱ्या म्हातारीला काय चाललंय ते कळलं नाही, पण सगळे करतायत म्हणून तिने दोन्ही हात वर केले. माणसं हसत होती. कशी मानतो बघा आम्ही आमच्या बाईला!

बेनेदिक्ता मातीकडे बघत उभी राहिली. एवढी माया अंगावर आली. ओरडून सांगावं, अरे गाढवांनो, हात खाली करा! पण सांगणार कशी? शेजारी हिमेना उभ्या होत्या.

एकट्या अनासेतोचे हात खिशात होते. त्याने आपल्या पोरांच्या जावळाला कोंपाद्रे केले ते शहरातला औषधवाला आणि पाद्री. दगडफोड्याच्या मुलीला विचारायची त्याला गरज नव्हती.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये हिमेना म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं, दोन्या बेने."

"हो सेन्योरिता."

"तुम्ही कुणाचा एक पैसा घेतला नसेल, मला माहीत आहे. पण नियमाने बघितलं तर तिकापांपात टाकीला पात्र असं एकच घर उरतं."

"त्याच्याकडे पंप आहे."

"तेच तर. म्हणजे टाक्या दुसऱ्या गावाला द्यायच्या." हिमेनांचा आवाज खाली आला. त्यांनाही ते नको होतं. "एक मार्ग आहे. पुढच्या सभेत तुम्ही उठून सगळ्यांदेखत सांगा, की हे नुसतं म्हणायचं नातं आहे. देणं-घेणं काही नाही. आणि यापुढे त्यांच्या घरी जाणं-येणं, सणवार, जेवणखाण बंद. मग मला वर सांगता येईल. नाहीतर टाक्याही जातील आणि तुमची नोकरीही. मी थांबवू शकणार नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. गंमत बघा, या बाईने आयुष्यात एकच गोष्ट कमावली, आणि तिच्या लोकांना पाणी हवं तर तिने तीच गोष्ट चारचौघांत नाकारायची. नोकरीचं तिला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण नोकरी सोडूनही कासिमिराला टाकी मिळणार नव्हती. पळायला वाटच ठेवली नव्हती कुणी.

दुसऱ्या सकाळी ती कासिमिराच्या अंगणात जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. कासिमिरा बटाटे सोलत होती. सोलतच राहिली.

"म्हणजे आम्ही हात वर केला आणि तुझाच गळा धरला," ती म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत."

तोरिबिओ भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "मी तर कुबडी वर केली होती. माझी दोन मतं धरली असतील."

कासिमिराने सुरी खाली ठेवली. "मग म्हणून टाक ना, कोमाद्रे. म्हण, ही कोण, मी ओळखत नाही. तोंड काय झिजतंय?"

"तू ऐकशील?"

"मी कानात लोकर घालून बसेन." आणि पुन्हा सुरी उचलत, "फक्त म्हणताना माझ्याकडे बघू नकोस."

पुढच्या सभेला पुन्हा सगळं गाव. या वेळी कुणी हसत नव्हतं. कासिमिराने घरोघर जाऊन सांगितलं होतं. हिमेनांनी बेनेदिक्ताला खूण केली. बेनेदिक्ता उठली. वाक्य पाठ होतं. ती म्हणाली, "मला गावाला सांगायचंय की..." आणि पुढे काही येईना. एवढी बोलघेवडी बाई, आणि तोंडातून शब्द फुटेना. लोक बघत राहिले. हिमेनाही अस्वस्थ झाल्या.

तेव्हा कासिमिरा उठली. कमरेवर हात ठेवून ठसक्यात म्हणाली, "कसली कोमाद्रे? ही होय? आमच्याकडे रस्त्याने जाणाऱ्या भाजीवालीलासुद्धा कोमाद्रे म्हणतात, सेन्योरिता. आली, जावळाची बट कापली, मक्याची चिचा प्याली, गेली. तिच्या-आमच्यात काय आहे?"

"काही नाही!" मागून कुणीतरी ओरडलं.

आणि मग धरणच फुटलं. एकेक जण उठून नाकारायला लागला, आणि एकदा लागल्यावर त्यांना त्यात रंग चढला. एक म्हणाली, आमच्या बाप्तिस्म्याला तर हिने साधा पावसुद्धा आणला नाही. दुसरा म्हणाला, छपराची माद्रिना म्हणे, छप्पर तर पहिल्याच पावसात गळलं. फुटबॉलची पोरं म्हणाली, हिचे शर्ट घातले म्हणून तर हरतो. दोन्या उर्सुलाने शेजारणीला विचारलं, काय चाललंय, आणि उत्तर न ऐकताच ओरडली, "काही नाही! काही नाही!" सभा हसू लागली. बेनेदिक्ताही हसली. हे सगळं तिच्यासाठी चाललं होतं, टाकीसाठी चाललं होतं, हे तिला कळत होतं. तरी प्रत्येक 'काही नाही' तिला कुठेतरी लागत होतं. ज्या आजारी मुलाला घेऊन ती रात्रभर दवाखान्यात बसली होती, त्याचा बापही म्हणाला, काही नाही. इतक्या मनापासून खोटं बोलायची काय गरज होती? थोडं कमी नसतं का चाललं?

शेवटी अनासेतो उठला. "लाज वाटत नाही का रे?" तो म्हणाला. "निम्म्या गावाची पोरं हिच्या कडेवर वाढली. मी डोळ्यांनी बघितलंय." आख्ख्या सभेत खरं बोलणारा तो एकटाच होता, आणि नेमकं तेच खरं आज बेनेदिक्ताला परवडणारं नव्हतं.

"तुला पाणी विकायचंय म्हणून बोलतोयस!" लोक त्याच्या अंगावर धावले. तो खाली बसला. पण बसताना म्हणाला, "बघेन मी. हिला पुन्हा कुणाच्या दारात पाहिलं, की शहरात जाऊन सांगेन."

हिमेनांनी सुटकेचा श्वास सोडला. हात वर झाले, मतं मोजली गेली, आणि कासिमिराला टाकी मिळाली.

बेनेदिक्ताला वाटलं होतं, नाटक संपलं, आता पडदा पाडायचा आणि पुन्हा आपलं आपलं. काही दिवसांनी ती एकटीच कामासाठी गावात गेली. कासिमिराच्या दाराशी थांबून हाक मारली. कासिमिरा बाहेर आली, आणि उंबऱ्यावरूनच म्हणाली, "सेन्योरा, आत नका येऊ. समोरच्या गच्चीवर अनासेतोचा मुलगा आहे."

"परकी असल्यासारखं सेन्योरा काय म्हणतेस गं? इथे कोण ऐकतंय?"

"सवय झालेली बरी," कासिमिरा म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "एकदा चुकून तोंडातून गेलं तर टाकी जाईल. तोरिबिओला पण सांगून ठेवलंय. पोरांना पण. तुम्ही या आता."

तुम्ही. बेनेदिक्ता टाकीच्या पायाची मापं घेऊन परत आली. त्या वर्षी तिच्याकडे कणसं आली नाहीत. ती तापाने पडली तेव्हा कुणी चूल धरायला आलं नाही. येणार कसे? त्यांनी आपला शब्द सभेत दिला होता, आणि तिकापांपात सभेतला शब्द फिरवत नाहीत. तिने स्वतः त्यांना तसं शिकवलं होतं.

टाकी बांधून झाली. उद्घाटनाला हिमेना आल्या. कासिमिराने टाकीला लाल फीत बांधली होती, ताटलीत कात्री ठेवली होती. ती थेट हिमेनांपुढे गेली.

"सेन्योरिता, टाकीला माद्रिना लागते. तुम्ही कापा."

हिमेना गोंधळल्या. आजूबाजूला सगळं गाव टोप्या हातात धरून उभं होतं. नाही म्हणणं बरं दिसणार नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. त्या वळून हळूच म्हणाल्या, "दोन्या बेने, नुसती फीतच कापायची ना? याचं काही नातं वगैरे होत नाही ना?"

बेनेदिक्ताला माहीत होतं. टाकीची माद्रिना म्हणजे घराची कोमाद्रे. हे खरं सांगितलं तर हिमेनांना मागे सरावं लागेल आणि भर अंगणात कासिमिराचा अपमान होईल. नाही सांगितलं तर ही भली मुलगी त्याच कात्रीत बोटं घालणार. तिने कासिमिराकडे पाहिलं. कासिमिरा जमिनीकडे बघत होती. डोकं चालवलं होतं तिने: वरच्या बाईलाच बांधून टाकलं की टाकी काढून कोण नेणार? आणि बेनेदिक्ताची नोकरी तरी कोण काढणार?

"फीतच आहे, सेन्योरिता," बेनेदिक्ता म्हणाली.

फीत कापली गेली. टाकीच्या चारी कोपऱ्यांवर चिचाची दारू शिंपडली, थोडी मातीला दिली. कासिमिराने हिमेनांना घट्ट मिठी मारली. "आता तू आमची कोमाद्रे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिमेना लाजून हसत होत्या. त्यांना ते लाडाचं बोलणं वाटलं.

मग अंगणात रंगीत चादर अंथरली. तिच्यावर उकडलेले बटाटे, मका, चीज ओतलं, मिरचीचा ठेचा आणि मीठ मध्ये ठेवलं. घरचे लोक भोवती जमिनीवर बसले. बायकांनी हिमेनांना हाताला धरून आपल्यात ओढून बसवलं; त्या पॅन्ट सावरत कशाबशा मांडी घालू लागल्या. बेनेदिक्ताही वाकली. पण कासिमिरा घरातली एकुलती एक खुर्ची घेऊन आली होती. पाद्री आले, तहसीलचा माणूस आला, की काढायची ती खुर्ची. तिने ती चादरीपासून थोडी लांब ठेवली, हाताने पुसली. काचेच्या बशीत वेगळं वाढून आणलं, काटा-चमच्यासकट.

"बसा, सेन्योरा. गार होतंय."

बेनेदिक्ता बसली. खाली सगळे एकमेकांच्या हातातून बटाटे घेत होते, हिमेनांना ठेचा झोंबला म्हणून हसत होते. तिने एक घास घेतला. मीठ कमी होतं. मीठ समोरच होतं, चादरीच्या मधोमध. पण मागायचं कुणाकडे, आणि काय म्हणून हाक मारून, ते तिला सुचेना. तिने तसंच अळणी खाल्लं.